रहीमसाहेबांची आठवण कोणी ठेवायची?



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा संयोजकांच्या कपाळावर आठी पडली असणार. बुलढाणा जिल्हा, पावसाळा तोंडावर आलेला, लोकांच्या डोक्यात सोयाबीनच्या बियाण्याची चिंता, आणि पाहुणा बोलणार कोणावर? साठ वर्षांपूर्वी वारलेल्या एका फुटबॉलच्या कोचवर. आपल्याकडे कबड्डीचा कोच माहीत असतो, कुस्तीचा वस्ताद माहीत असतो. फुटबॉल म्हटलं की जिजामाता प्रेक्षागाराच्या मैदानावर संध्याकाळी काही पोरं खेळताना दिसतात तेवढंच. तरीही मी हाच विषय धरला, कारण हा माणूस आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही.

देऊळगाव राजाहून जालन्याच्या वाटेला लागा. आज त्या रस्त्यावर आपल्याला काही जाणवत नाही, पण १९५६ पर्यंत तिथून पुढे हैदराबाद राज्य सुरू व्हायचं. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं आणि औरंगाबाद हैदराबादेत. आपला वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच. १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या कारभारात गेला, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने गेला, पण निजामाच्या थोरल्या मुलाची 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी १९३६ पासून मिरवली जात होती. तेव्हा हैदराबादच्या माणसाविषयी वऱ्हाडात बोलायला मी काही परवानगी मागणार नाही.

सय्यद अब्दुल रहीम. जन्म १७ ऑगस्ट १९०९, हैदराबाद. पेशा शिक्षकाचा. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेतली, हैदराबादच्या शाळांत शिकवलं, शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केला. समोर बसलेल्या शिक्षकांनी एवढं ध्यानात ठेवावं की भारताच्या फुटबॉलला सगळ्यात मोठं यश मिळवून देणारा माणूस आयुष्यभर मास्तर होता. १९५० पासून तो दोन संघ सांभाळू लागला, एक हैदराबाद सिटी पोलिसांचा आणि दुसरा भारताचा.

आता १९५० या सालाकडे जरा थांबून पाहू. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, हैदराबाद भारतात आलं. रझाकारांच्या दिवसांत मराठवाड्यातून जीव मुठीत धरून वऱ्हाडात आलेल्या माणसांच्या कहाण्या आपल्या जिल्ह्यातल्या घराघरांत आजही सांगतात. त्या जखमा ओल्या असताना, जेमतेम दोन वर्षांनी, हैदराबाद शहराच्या पोलिसांचा संघ मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषकासाठी उतरला. हा चषक १८९१ पासूनचा. सुरुवातीला गोऱ्या पलटणींचाच, हिंदी संघाच्या हाती तो पहिल्यांदा लागला १९३७ मध्ये, तोही बंगलोर मुस्लिम्सच्या. रहीमसाहेबांच्या पोलिसांनी तो १९५० मध्ये जिंकला. मग ५१ मध्ये जिंकला. ५२, ५३ आणि ५४ मध्येही त्यांनीच जिंकला. सलग पाच वर्षं.

मुंबईत त्या काळी फुटबॉल बघायला येणारा माणूस जाणकार असे. धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावागावाच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहणारे गोवेकर, गिरण्या आणि कंपन्यांच्या संघांत खेळणारे, वांद्र्याहून येणारे, सगळे घरचा संघ हरतोय हे बघत आणि तरीही हैदराबादवाल्यांचा खेळ बघायला दुसऱ्या दिवशी परत येत. हे पोलीस अंगाने धिप्पाड नव्हते. चेंडू पायाशी आला की पुढच्या क्षणी तो साथीदाराकडे गेलेला असायचा. आखूड पास, जमिनीलगत पास, धावत पास. नूर मोहम्मद, अझीझ, मोईन ही नावं कूपरेजवर मुंबईच्या खेळाडूंइतकीच सर्रास घेतली जात. रझाकार कोण आणि पोलीस कोण, कोण कुठल्या धर्माचा, असे प्रश्न त्या कट्ट्यावर कोणी विचारले असतील तर पहिल्या अर्ध्या तासात विसरले असतील. हा माझा तर्क आहे, पण पाच वर्षं एकाच संघाला टाळ्या देणारी गर्दी बघून तो मी करतो.

ही पासिंगची सवय आली कुठून? या प्रश्नापाशी मला रहीमसाहेब मास्तर म्हणून दिसतात. त्यांनी हैदराबादेत वेगवेगळ्या अटींच्या स्पर्धा भरवल्या. एकीत ड्रिब्लिंगला बंदी. चेंडू मिळाला की पास द्यायचा, कोणाला चकवत बसायचं नाही. दुसरीत उंचीची अट, ठरावीक उंचीपेक्षा मोठ्या पोरांना प्रवेश नाही. तिसरी माझी सगळ्यात आवडती. चेंडू फक्त आपल्या कमजोर पायाने मारायचा.

हा तिसरा प्रकार डोळ्यांपुढे आणून बघा. उजव्या पायाचा पोरगा मैदानात उतरतो. चेंडू उजवीकडून येतो, पाय आपसूक उचलला जातो, शिट्टी वाजते, चेंडू समोरच्यांना. पुढच्या वेळी तो चेंडू यायच्या आधीच स्वतःला डाव्या बाजूला वळवतो. म्हणजे चेंडू येण्यापूर्वी कुठे उभं राहायचं याचा विचार त्याला करावा लागतो. डावा पाय दुबळा, लांब मारता येत नाही, म्हणून जवळचा साथीदार शोधावा लागतो. साथीदारालाही हे ठाऊक, म्हणून तो जवळ येऊन उभा राहतो. दोन आठवड्यांत त्या पोराला डावा पाय येतो ते येतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सगळा संघ एकमेकांच्या जवळ खेळायला शिकतो. फळ्यावर आकृती काढून हे शिकवायला वर्ष गेलं असतं. इथे एक अट घातली आणि अटीनेच शिकवलं. उंचीच्या अटीचंही तेच. बारकी पोरं एरवी धक्काबुक्कीत मागे पडतात आणि खेळ सोडून देतात. त्यांना आपापसांत खेळायला मिळालं की त्यांच्यातला चपळ कोण ते दिसतं. बारक्यांची भरती असलेल्या आपल्या देशाला हे कोणी तरी सुचवायला हवंच होतं.

राष्ट्रीय संघाबरोबर त्यांचं सगळंच सुरळीत झालं असं नाही. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत पंडित नेहरूंच्या समोर इराणला १-० हरवून सुवर्ण घेतलं, गोल मेवालालचा. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने १०-१ असं चिरडलं. आपली बरीच पोरं अनवाणी खेळली होती. तिथल्या थंडीत, ओल्या मैदानावर अनवाणी. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चार वर्षांनी मेलबर्नला याच देशाचा संघ ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी ४-२ हरवून ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत गेला. तिथवर पोचणारा तो पहिला आशियाई संघ. तीन गोल नेव्हिल डिसोझाचे, आणि नेव्हिल मूळचा गोव्याचा, मुंबईच्या मैदानांवर घडलेला. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच गाठ पडला, पुन्हा हार झाली, पण यावेळी ४-१. पदक हुकलं, चौथा क्रमांक मिळाला. त्या संघात हैदराबादच्या पोरांचा भरणा होता. आज आपण चौथ्या क्रमांकाचं कौतुक करतो, पण १०-१ पासून तिथवरचा प्रवास कोणी घडवला हे नाव फारसं कोणी घेत नाही.

आता जकार्ताचे आशियाई खेळ, १९६२. हे मी सावकाश सांगणार आहे.

इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. आपले क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी त्याला हरकत घेतली, या खेळांना आशियाई खेळ म्हणू नये असा आग्रह धरला. जकार्तात लोक खवळले. भारतीय वकिलातीवर चाल करून गेले. पगडी दिसली की भारतीय ओळखू येतो म्हणून जरनैलसिंग बसमध्ये खाली बसून प्रवास करायचे, असं त्या संघातले खेळाडू पुढे सांगत. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० हरवलं. मग थायलंडला ४-१, जपानला २-० हरवलं. या धामधुमीत जरनैलसिंगच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. ते बचावपटू, देशातले सगळ्यात खमके. टाके पडलेला बचावपटू डोक्याने चेंडू अडवणार कसा? दुसऱ्या कोणी त्यांना बसवून ठेवलं असतं. रहीमसाहेबांनी त्यांना पुढे, सेंटर फॉरवर्डच्या जागी घातलं. दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा उपांत्य सामना ३-२ असा जिंकला, त्यात जरनैलसिंगचाही गोल होता.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा दक्षिण कोरिया. गोलकीपर पीटर थंगराज तापातून उठलेले. आधीचे सामने प्रद्युत बर्मन खेळले होते, चांगले खेळले होते. चालू असलेला गोलकीपर बदलायचा नाही हा कोणत्याही कोचचा धर्म. रहीमसाहेबांनी तो मोडला. कोरियाचे खेळाडू उंचावरून येणाऱ्या चेंडूवर डोक्याने गोल करण्यात तरबेज होते आणि थंगराज उंच होते, एवढा साधा हिशेब. सेनायन स्टेडियम तुडुंब, लाखभराची गर्दी, आणि सगळी आपल्या विरोधात. त्या गोंगाटात पाकिस्तानचे हॉकीपटू भारतासाठी ओरडत होते, हीही आठवण खेळाडूंनी सांगितलेली. याच पाकिस्तानी संघाने त्या खेळांत हॉकीचं सुवर्ण आपल्याला हरवून घेतलं होतं. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींचा गोल, विसाव्या मिनिटाला डोक्याला टाके असलेल्या जरनैलसिंगचा. कोरियाने शेवटी शेवटी एक फेडला. २-१. कप्तान चुनी गोस्वामी.

त्यानंतर फुटबॉलचं आशियाई सुवर्ण आपल्याला मिळालेलं नाही.

रहीमसाहेबांना फुप्फुसाचा कर्करोग होता. ११ जून १९६३ रोजी ते गेले. जकार्ताला नऊ महिनेच झाले होते. वय त्रेपन्न.

इथून पुढे माझा खरा विषय. कोच गेला तर त्याची आठवण कोण काढतं?

लिव्हरपूलचे बिल शँक्ली १९८१ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी मैदानाच्या दारावर त्यांच्या नावाची लोखंडी कमान उभी राहिली, नंतर पुतळा झाला. आजही चाहते सामन्याला जाताना त्या कमानीखालून जातात. शँक्लींना बघितलेला माणूस आता साठीच्या पुढचा असेल, पण नातू आजोबांचा हात धरून तिथे येतो आणि आजोबा सांगतात. आपल्या कलकत्त्यातही तेच. पी. के. बॅनर्जी २० मार्च २०२० ला गेले, जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी. गर्दी करायची सोय नव्हती, तरी ईस्ट बंगालचा माणूस १९७५ च्या आयएफए शील्ड फायनलमधले मोहन बागानविरुद्धचे पाच गोल आठवत बसला, आणि मोहन बागानचा माणूस १९७७ मध्ये ईडन गार्डन्सवर पेलेच्या कॉसमॉसशी साधलेली २-२ बरोबरी. दोन्ही वेळा कोच पी. के.च. ईस्ट बंगालचे कोच राहिलेले सुभाष भौमिक जानेवारी २०२२ मध्ये गेले तेव्हा त्यांनी क्लबला जिंकून दिलेला २००३ चा आसियान क्लब चषक पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आला. अंतिम सामन्यात ३-१ असा विजय, त्यात एक गोल गोव्याच्या अल्विटो डिकुन्हाचा. गोव्याच्या चाहत्यांना भौमिक आणखी एका कारणाने आठवले. चर्चिल ब्रदर्स २०१२-१३ ची आय-लीग जिंकले तेव्हा तांत्रिक संचालक तेच होते. म्हणजे कलकत्त्याचा माणूस मडगावातही आठवला जातो, कारण तिथेही एक क्लब आहे आणि त्या क्लबला चाहते आहेत.

रहीमसाहेबांच्या वाट्याला हे आलं नाही, आणि त्याचं कारण लोक कृतघ्न आहेत हे नाही. ते उत्तर फार सोपं आहे आणि मला ते पटत नाही. ज्या संघासाठी त्यांनी तेरा वर्षं दिली तो पोलीस खात्याचा संघ होता. १९५६ मध्ये राज्य बदललं, पुढे संघाचं नावही आंध्र प्रदेश पोलीस झालं. नव्या नावानेही त्यांनी १९६० मध्ये रोव्हर्स जिंकला, १९६२ मध्ये ईस्ट बंगालबरोबर वाटून घेतला. पण पोलिसांच्या संघाला वर्गणीदार सभासद नसतात. तिथे बापाकडून मुलाकडे सभासदत्व जात नाही. शिपाई निवृत्त होतो, अधिकाऱ्याची बदली होते, नव्या साहेबाला फुटबॉलपेक्षा दुसरं काही आवडतं. हळूहळू त्या संघाचा दबदबा गेला आणि त्याच्याबरोबर त्याची आठवण काढणारी माणसंही विखुरली. कूपरेजवर टाळ्या वाजवणारे तर पाहुण्या संघाचे चाहते, हैदराबादचा संघ काही त्यांचा स्वतःचा क्लब नव्हता आठवण ठेवायला. आणि रोव्हर्स चषकाचं काय झालं? २०००-०१ नंतर तो खेळलाच गेला नाही. म्हणजे संघ गेला, चषकही गेला. मैदान तेवढं आहे.

आपण पुरस्कारांकडे बोट दाखवतो. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला. रहीमसाहेबांना जाऊन तेव्हा बावीस वर्षं उलटली होती. १९९० मध्ये तो सय्यद नईमुद्दीन यांना मिळाला, तेही हैदराबादचेच. चांगलंच झालं. पण पुरस्काराने माणूस गॅझेटात येतो, गप्पांत येत नाही. चाहत्याची आठवण गप्पांत राहते, आणि गप्पा मारायला एक ओटा लागतो. क्लब हा तो ओटा.

ओटा नसताना साठ वर्षं रहीमसाहेबांना कोणी जागवलं? त्यांच्या खेळाडूंनी. पी. के. बॅनर्जी स्वतः मोठे कोच झाले, खेळाडूंना शब्दांनी पेटवण्यात त्यांचा हातखंडा होता, आणि त्यांच्या बोलण्यात रहीमसाहेबांचं नाव आल्याशिवाय राहायचं नाही. जकार्ताच्या अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री आजारी रहीमसाहेबांनी पोरांकडे सुवर्णाची भेट मागितली, हे आपल्याला ठाऊक आहे ते त्या खेळाडूंनी सांगितलं म्हणून. मुलगा सय्यद शाहिद हकीम रोमच्या ऑलिम्पिक पथकात होता, पुढे हवाई दलात अधिकारी झाला, फिफाचा पंच झाला, गोव्यात साळगावकर संघाचा कोच झाला, २०१७ मध्ये त्याला ध्यानचंद पुरस्कार मिळाला. वडिलांविषयी विचारायला आलेल्या कोणालाही त्याने विन्मुख पाठवलं नाही. पण हीही माणसं माणसंच. पी. के. गेले २०२० मध्ये, चुनी गोस्वामी त्याच वर्षी एप्रिलअखेर, हकीम ऑगस्ट २०२१ मध्ये, तुलसीदास बलराम फेब्रुवारी २०२३ मध्ये. तीन वर्षांत ती पिढी जवळजवळ संपली.

आणि मग एप्रिल २०२४ मध्ये 'मैदान' चित्रपट आला. अजय देवगण रहीमसाहेब झाले. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव तिथेच पहिल्यांदा ऐकलं असेल, त्यात कमीपणा नाही. चित्रपटाविषयी माझं मत थोडं मिश्र आहे. जकार्ताचा सामना त्यांनी असा उभा केला आहे की निकाल माहीत असूनही माणूस खुर्चीच्या काठावर येतो. पण पडद्यावरचा नायक भाषण देतो, सिगारेट ओढतो, खोकतो, सत्तेतल्या माणसांशी भांडतो. कमजोर पायाची स्पर्धा भरवणारा मास्तर अडीच-तीन तासांच्या नाट्यात बसत नाही. ड्रिब्लिंगला बंदी घालून उन्हात शिट्टी वाजवत उभा राहणारा माणूस पडद्यावर कंटाळवाणा दिसेल. आणि मला तर तोच जास्त मोलाचा वाटतो. सुवर्णपदक एकदाच मिळतं, त्याची नक्कल करता येत नाही. त्या स्पर्धांची नक्कल कुठल्याही तालुक्यात करता येते.

म्हणून व्याख्यान संपवताना मी एक मागणी करून जातो. संयोजकांना ती आधी सांगितलेली नाही, त्यामुळे त्यांनी आत्ता चेहरा सरळ ठेवावा. मी पुतळा मागत नाही, चौकाला नावही मागत नाही. चौकांची नावं आधीच जास्त झाली आहेत. रहीमसाहेबांच्या पुण्यतिथीला, ११ जूनला, विदर्भातल्या शाळांना सुट्टी असते, म्हणून तो दिवस कामाचा नाही. जयंती १७ ऑगस्टला येते, स्वातंत्र्यदिनानंतर दोन दिवसांनी. झेंडावंदनासाठी मैदान साफ झालेलं असतं, चुन्याच्या रेषाही अजून पुसलेल्या नसतात. त्या दिवशी बुलढाण्यात, चिखलीत, मेहकरला, खामगावला, जिथे शारीरिक शिक्षणाचे सर उत्साही असतील तिथे, चौदा वर्षांखालच्या मुलामुलींचे कमजोर पायाचे सामने भरवा. पाच-पाचांचे संघ पुरे. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव. नेहमीच्या पायाने चेंडू मारला की फ्री किक समोरच्यांना, एवढा एकच जादा नियम. गोलकीपरला मात्र दोन्ही पाय मोकळे, नाहीतर पालक भांडायला येतील. पाऊस असेल, चिखल असेल, तर आणखी मजा.

अडचण एकच येणार आहे आणि ती मी आत्ताच सांगून ठेवतो. प्रत्येक संघात एखादा डावखुरा पोरगा निघतो, तो पंचाला सांगतो की माझा कमजोर पाय डावाच आहे, आणि मग सर्रास गोल करत सुटतो. त्यासाठी सामन्याआधी प्रत्येकाला दोन चेंडू मारायला लावा, एक उजव्याने, एक डाव्याने, आणि कोणता कमजोर ते सरांनी वहीत लिहून घ्यावं. वही पंचाच्या हातात राहू द्या. बक्षिसाच्या खर्चात माझ्या आजच्या मानधनाचा वाटा धरा, तसं मी चिटणिसांना लिहूनच देतो. आता प्रश्न असतील तर विचारा, शेवटची एसटी असणाऱ्यांनी आधी विचारावेत.